गुडघ्याची, दाताची, झोपेची: सासूबाईंच्या पिशवीतल्या गोळ्या

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंनी विचारलं आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, वजन ४६ किलो. गुडघ्यांसाठी वर्षभरापासून एक ‘पी’वाली गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मागच्या आठवड्यात दाढ काढली, तिथून दिवसाला तीनदा घ्यायची दुसरी गोळी आली. दोन दिवसांनी रात्री न्हाणीघरात पाय घसरला. हाड वाचलं, पण कंबर धरली, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी तिसरी गोळी दिली, दिवसाला दोनदा. मध्ये सर्दी झाली, तेव्हा नाक्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची आणली, तीनदा. शिवाय बी.पी.ची एक आणि सासरे गेल्यापासून रात्री ‘मन शांत राहायची’ एक, या दोन जुन्याच. आता त्या दिवसभर गुंगीत असतात, जेवण नको म्हणतात, पावलांवर सूज आहे. पुण्याचे दीर फोनवर सांगतात, सगळं आजच्या आज बंद करा. मेडिकलवाला म्हणतो, सगळी डॉक्टरांचीच औषधं आहेत, बंदी थोडीच आहे, चालतील. कोणाचं ऐकायचं?

ताई, दोघांचंही नका ऐकू. आणि त्यांना आजच दाखवा, सोमवारची वाट बघू नका. गुंगी, पायावर सूज आणि जेवण तुटणं, ही तिन्ही एका आठवड्यात एकत्र आली असतील तर ते म्हातारपण नसतं. आज रात्रीपासून दाढेची गोळी, कमरेची गोळी आणि सर्दीची गोळी देऊ नका. गुडघ्याचीही थांबवा, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत. बी.पी.ची आणि रात्रीची मात्र स्वतःहून बंद करू नका, त्यांचं काय करायचं ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. हाका मारून नीट जाग्या होत नसतील, श्वास संथ किंवा अडखळत वाटत असेल, झटका (फिट) आला, काळी डांबरासारखी शी झाली किंवा दिवसभरात लघवीच झाली नाही, तर घरचे डॉक्टर वगैरे काही नाही. सरळ एम.वाय. (आपलं मोठं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल, आणि पिशवी सोबत.

आता पिशवीबद्दल. तुम्ही गोळ्यांच्या पत्त्यांच्या, म्हणजे स्ट्रिपच्या, मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. पुढच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं नाव असतं, मागे बारीक अक्षरात आत काय आहे ते. आमच्याकडे मेडिकलवाले चार गोळ्या हव्या असल्या की कात्रीने पत्ता कापतात आणि नेमका तो बारीक अक्षरांचा भाग दुकानातच राहतो. तुमच्या सर्दीच्या पत्त्याचं तसंच झालंय, अर्धंच नाव आलंय, पण रंग आणि उरलेली अक्षरं बघून ओळखता आली.

फोटोंतून निघालं ते असं. गुडघ्याच्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक ही पेनकिलर १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. दाढेच्या गोळीत डायक्लोफेनॅक ही पेनकिलर ५०, पॅरासिटामॉल ३२५ आणि सुजेसाठी सेराशिओपेप्टिडेज. कमरेच्या गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००, नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन आणि झोप आणणारं क्लोरफेनिरामिन. बी.पी.ची म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे पाणी-मीठ बाहेर काढणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. रात्रीची म्हणजे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. गोळ्या सहा, औषधं चौदा. पॅरासिटामॉल चार वेळा आलंय ते एकदाच धरलं तरी अकरा वेगवेगळी औषधं एका ४६ किलोच्या बाईच्या पोटात जात आहेत, आणि घरात प्रत्येकजण म्हणतोय की ‘आईंच्या पाच-सहाच तर गोळ्या आहेत’.

नावाच्या शेपटाकडे लक्ष द्यायची सवय लावून घ्या. ‘पी’ म्हणजे बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घातलंय. ‘एसपी’ म्हणजे त्यात सेराशिओपेप्टिडेजही. ‘एमआर’ म्हणजे स्नायू सैल करणारं काहीतरी. ‘टीएच’ म्हणजे थायोकोल्चिकोसाइड. हा कुठला कायदा नाही, कंपन्यांनी लावलेली रीत आहे, त्यामुळे खात्री मागचं वाचूनच होते. ‘प्लस’ आणि ‘फोर्ट’ बघितलं की आधी मागे वाचायचं.

सगळे पहिल्यांदा पॅरासिटामॉलला घाबरतात, म्हणून त्याचा हिशेब आधी उरकू. गुडघ्याचे ६५०, दाढेचे ९७५, कमरेचे ६५०, सर्दीचे १५००. एकूण ३,७७५ मिलिग्रॅम, पावणेचार ग्रॅमच्या वर. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानतात, म्हणून मेडिकलवाला कागदावर खोटा नाही. पण ती मर्यादा पोटभर जेवणाऱ्या, चांगल्या वजनाच्या माणसाची. पॅरासिटामॉल लिव्हरमध्ये मोडताना त्याचा थोडा भाग विषारी होतो आणि ग्लुटाथायोन नावाचा लिव्हरमधला साठा त्याला तिथल्या तिथे निकामी करतो. आठवडाभर जेवण तुटलं, वजन कमी असलं, रोज दारू असली, की तो साठा आटतो. सासूबाईंसारख्यांना मी दोन-अडीच ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. लिव्हरला लागलं तर पहिला दिवस नुसती मळमळ असते, कधी तीही नसते. खरं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्टात दिसतं. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण जास्त गोळ्या पोटात गेल्यापासून पहिल्या आठ तासांत दिला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो. ‘उद्या बघू’ म्हणण्यात तेच आठ तास जातात.

तीन गोळ्यांत आकडा ३२५च का, असं तुम्ही विचारलंय. त्याची गोष्ट अमेरिकेतली. तिथे ताकदीच्या पेनकिलरसोबत ५००, ६५०, कधी ७५० पॅरासिटामॉल एका गोळीत असायचं. लोकांना ते आत आहे हे ठाऊकच नसे, वरून दुकानातली साधी गोळी घेत, आणि लिव्हर जायचं. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ वर आणायला सांगितलं. आपल्याकडच्या जोडगोळ्याही त्याच आकड्यावर आल्या. गंमत अशी की ३२५ दिवसातून दोनदा, एवढ्याने मोठ्या माणसाच्या गुडघ्याला फारसं काही होत नाही. ॲसिक्लोफेनॅक बारा तास चालतं, पॅरासिटामॉलचा जोर चार-सहा तासांत संपतो, मग दोघांना एका गोळीत बांधून काय मिळवलं? दुकानातल्या फळीवर एक नाव वाढलं, आणि घरात पॅरासिटामॉल न मोजता यायला लागलं.

पण ताई, या पिशवीत मला पहिली भीती लिव्हरची नाही, किडनीची आहे. ॲसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक ही दोन वेगळी औषधं समजू नका. सख्खी भावंडं आहेत. ॲसिक्लोफेनॅकचा काही भाग शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतो. याचा सगळ्यात ठळक पुरावा माणसांचा नाही, गिधाडांचा आहे. दुखऱ्या गुराला डायक्लोफेनॅक टोचलेलं असायचं, ते मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. मग गुरांना ॲसिक्लोफेनॅक दिलं जाऊ लागलं, ते गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅक बनतं हे दिसलं, आणि २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद केलं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नसते, मान्य. पण सासूबाईंना ॲसिक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा २०० आणि डायक्लोफेनॅकची कमाल मात्रा १५०, दोन्ही एकदम चालू होत्या. गुडघा एकीकडे, दाढ दुसरीकडे, डॉक्टर दोन, पण औषध शेवटी एकाच रक्तात उतरतं.

त्यात बी.पी.ची गोळी. आपल्या इंदूरच्या भाषेत सांगतो. एक दिवसाआड येणारा नर्मदेचा नळ समजा. किडनीच्या चाळणीत रक्त वरच्या नळीने येतं, खालच्या नळीने जातं, आणि मधल्या दाबावर लघवी गाळली जाते. पेनकिलर वरची नळी आवळते. टेल्मिसार्टन खालची नळी सैल करतं. एरवी ते चांगलंच असतं, किडनीला जपतं. आणि पाणी काढणारी गोळी टाकीच रिकामी करते. एकेकटं चालतं. तिन्ही एकत्र, बाहेर मे महिन्याचं ऊन, बाई दुखण्याने निजून आहे आणि न्हाणीघरात जायला भीती वाटते म्हणून पाणीही कमी पिते: चाळणीत दाब उरतच नाही. पायावरची सूज, लघवी कमी, तोंडाची चव जाणं, जेवण नको, हे सगळं त्याने होऊ शकतं. हाच तिढा मी उन्हाळ्यात दरवर्षी बघतो, बहुतेक लग्नाहून परतलेल्या आज्यांमध्ये. चार दिवस उभं राहून गुडघे धरलेले, पेनकिलर दुप्पट, पाणी निम्मं. वेळेत थांबवलं तर किडनी बहुधा सावरते.

पोटाचंही आहेच. हे पेनकिलर जठराचं अस्तर सोलतात, आणि एस्सिटालोप्रॅमसारखं मन शांत करणारं औषध रक्ताच्या प्लेटलेटचं काम थोडं मंद करतं. दोन्ही मिळून जठरातून रक्त जायचा धोका वाढतो. पेनकिलरसोबत सकाळी देतात ती ॲसिडिटीची गोळी जठराला थोडं वाचवते, किडनीला अजिबात नाही.

आता गुंगी. ट्रॅमाडॉल हे अफूच्या घराण्यातलं औषध आहे, हे पेशंटला कोणी सांगत नाही. २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ते वाईट नाही. हाड मोडल्यावर, ऑपरेशननंतर चार-पाच दिवस ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची जोडी चांगली चालते, मीही लिहितो. पण सासूबाईंच्या रात्रीच्या गोळीत दोन औषधं आहेत आणि ट्रॅमाडॉलचं दोघांशीही वाकडं आहे. क्लोनाझेपाम झोप आणतं, ट्रॅमाडॉलही, वरून सर्दीचं क्लोरफेनिरामिन. तिघं एकत्र आली की माणूस नुसता झोपत नाही, श्वासही मंदावू शकतो. अफूच्या घराण्यातली औषधं आणि क्लोनाझेपामच्या जातीची औषधं एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेत २०१६ पासून दोघांच्याही माहितीपत्रकावर चौकटीतला सगळ्यात कडक इशारा छापतात. एस्सिटालोप्रॅम आणि ट्रॅमाडॉल, दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतात. ते फार वाढलं की हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, ताप चढतो. फिट येण्याची शक्यताही वाढते. घरात वाटतं की आई दुखण्याने बेचैन आहे, आणि आणखी अर्धी गोळी दिली जाते.

हाडांच्या डॉक्टरांची चूक काढायला मी बसलो नाही. त्यांनी विचारलं असणारच. माझ्याच दवाखान्यातलं सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मिलमधून रिटायर झालेले एक काका गुडघे धरून आले. मी विचारलं, “दुसरी पेनकिलर चालू आहे का?” ते म्हणाले, “नाही हो डॉक्टरसाहेब.” मी पेनकिलर लिहिली. बाराव्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना धरून घेऊन आला: चेहरा पांढराफटक, तीन दिवसांपासून काळी शी. भरती करावं लागलं, रक्त चढवावं लागलं. नंतर घरातून पिशवी आणवली तर त्यात दाताच्या डॉक्टरांची पेनकिलर आणि हृदयासाठीची ॲस्पिरिन. मी जरा रागानेच म्हटलं, काका, मी विचारलं होतं ना! ते म्हणाले, “अहो, ती दाताची होती. आणि ही हार्टची.” त्यांच्या लेखी ते खरंच बोलले होते. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. माणसं गोळीला अवयवाच्या नावाने ओळखतात, मेडिकलच्या काउंटरवरही ‘भैया, वो घुटनेवाली दे दो’ म्हणूनच मागतात. तेव्हापासून मी नाव विचारतच नाही. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय-काय जातं ते सांगा म्हणतो, आणि पहिल्या भेटीला पिशवी आणल्याशिवाय पेनकिलर लिहीत नाही. लोक चिडतात. चिडू देत.

सेराशिओपेप्टिडेज सूज उतरवतं म्हणून दाढेच्या गोळीत घालतात. जपानमध्ये ते काढणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये बाजारातून परत घेतलं, कारण औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीपेक्षा त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे अजून डौलात विकतात. थायोकोल्चिकोसाइड तुमच्या पिशवीत नाही, पण ‘टीएच’ घरोघरी असते म्हणून सांगतो: युरोपात २०१३ पासून ते तोंडाने सात दिवसांच्या वर द्यायचं नाही असा दंडक आहे, आणि गरोदर बाईला तर नाहीच. इथे मी महिनोन्महिने खाणारे पेशंट बघितलेत.

मग सरकार काय करतं, असं सासूबाईंचा नातू विचारतोय म्हणे. करतं, पण त्याचा वेग सरकारी असतो. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे एकेकाळी इंदूरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारं, पॅरासिटामॉलसोबतच्या कॅप्सूलमधलं औषध हृदयाचे ठोके बिघडवतं म्हणून २०१३ मध्ये बंद झालं. ब्रिटन-अमेरिकेत आधीच गेलं होतं. मार्च २०१६ मध्ये एका झटक्यात ३४४ जोडऔषधांवर बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टाने बंदी उठवली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा तपासायला सांगितलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ बंद झाली. जून २०२३ मध्ये आणखी १४, त्यात निमेसुलाइड-पॅरासिटामॉलची पाण्यात विरघळणारी गोळी. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६, त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ची गोळी. नीट वाचा, तुमच्या पिशवीतली १०० आणि ३२५ ची त्यात नाही. म्हणून मेडिकलवाल्याचं ‘बंदी थोडीच आहे’ हे खरंच आहे. यादी जोडीची असते, चार जोड्या एकाच दिवशी एकाच बाईला देऊ नयेत असं कुठल्याही राजपत्रात छापलेलं नसतं.

आता दीर म्हणतात ते ‘सगळं बंद’. पेनकिलर थांबवायला हरकत नाही, ट्रॅमाडॉलही पाच-सहा दिवसांचंच आहे. पण वर्षानुवर्षं चालू असलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर झोप उडते, हात कापतात, झटका येऊ शकतो. एस्सिटालोप्रॅम एकदम तोडलं तर चक्कर आणि रडू. बी.पी.ची गोळी डॉक्टर कदाचित दोन-चार दिवस बदलतील किंवा तिच्यातलं पाणी काढणारं औषध थांबवतील, तो निर्णय क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि त्या दिवशीचं बी.पी. बघूनच व्हायचा. नुसता फोनवरून नाही.

दुखणं मात्र खरं आहे, त्याला काहीतरी द्यावंच लागेल. लिव्हरचा रिपोर्ट बरा आला तर साधं पॅरासिटामॉल, एकटं, ५०० चं, डॉक्टर सांगतील त्या अंतराने. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालतं. कातडीतून रक्तात फार थोडं उतरतं, पण किडनीचा रिपोर्ट खराब असेल तर तेही विचारूनच. दाढेच्या जागी कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात; नव्वद टक्के लोक उलटी धरतात, असं माझ्या दवाखान्याच्या दारातून दिसतं. मांडीचा स्नायू आवळून पाच मोजायचे आणि सोडायचं, खुर्चीवर बसल्या बसल्या, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. हे नेमाने केलं तर बऱ्याच बायकांची गोळी कमी होते, पण हे फुकट असल्यामुळे कोणी करत नाही.

पावसाळ्यानंतर इंदुरात डेंग्यू येतो, तेव्हाही हाच पत्ता काढून अंगदुखीला देऊ नका. त्या तापात साध्या पॅरासिटामॉलखेरीज कुठलीच पेनकिलर नको, रक्तस्राव होतो. आणि औषधाचा त्रास झाला असं ठरलं, तर तो १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क नंबरवर कळवता येतो. डॉक्टरच कळवतील असं नाही, घरचेही सांगू शकतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, लिव्हरचं एसजीपीटी आणि हिमोग्लोबिन एवढं सांगतीलच. रिपोर्ट आले की सगळे आधी क्रिएटिनिन बघतात. तुम्ही सोडियमही बघा. पाणी काढणारी गोळी आणि एस्सिटालोप्रॅम, दोघंही म्हाताऱ्या बायकांचं सोडियम उतरवतात, पेनकिलर त्यात भर घालते. १३५ च्या खाली बरंच गेलेलं असेल, तर गुंगीचं अर्धं उत्तर तिथे मिळेल. आणि मला शंका आहे की त्या रात्री न्हाणीघरातली फरशी ओली नसेलही. आईंना विचारा, पाय घसरला होता की त्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. जे सांगतील ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.